पहाटे बोलणारा पंप

मुक्काम ‘डॅफ्ने’ बोट,
ट्विसेल यांच्या मळ्याचा काठ, थ्रेल.
मार्चअखेर

तीर्थस्वरूप अण्णासाहेब यांस,

कालव्यावरून त्र्यंबकाचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो. पण आमचं घर लांबीला देवळाच्या ओवरीएवढं आणि रुंदीला बोळाएवढं. पाय पसरता येतात, हात पसरायला गेलं की एक चुलीला लागतो आणि दुसरा खिडकीबाहेर जातो. तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं मावली तेवढ्यांनी केलेला हा नमस्कार गोड मानून घ्यावा. आपली प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि गच्चीवरची पाण्याची टाकी ही तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा करतो. (टाकीला प्रकृतीच्या पंगतीत बसवलं म्हणून रागावू नये. ज्या गृहस्थाने कऱ्हाड नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात हयात घालवली त्याच्या टाकीची खुशाली न विचारणं मला उद्धटपणाचं वाटतं.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. वृंदा रोज गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात जाते, तिथल्या पोरांना बटाट्याच्या लगद्यात जिरं घालून बिघडवते, आणि संध्याकाळी काठावरच्या वाफ्यात मेथीशी गप्पा मारते. मी आठवड्यातून दोनदा विद्यापीठात जाऊन उरलेल्या चार विद्यार्थ्यांना संस्कृत शिकवतो. बाकीचा वेळ बोट शिकवते, मी शिकतो.

आपण प्रत्येक फोनला “पंपाचं काय झालं?” असं विचारता आणि मी प्रत्येक फोनला “सविस्तर लिहितो” म्हणून वेळ मारून नेतो. तर आज लिहितो. पंपाचं उत्तम झालं. पंप आता इतका गप्प आहे की नळ सोडल्यावर पाणी आलं तर आम्हीच दचकतो. ह्याचं सगळं श्रेय आपल्या सल्ल्याला. पण सल्ला अचूक, इलाज अचूक, रोगी खडखडीत बरा, आणि तरी दुखणं जिथल्या तिथे, असा जो काही चमत्कार मधल्या काळात झाला तो मुळापासून सांगितल्याशिवाय कळायचा नाही. आणि मुळापासून सांगायचं ही पाठशाळेत लागलेली खोड आहे, तिला माझा इलाज नाही.

आम्ही राहतो ती जागा म्हणजे काय, हे आधी सांगतो. इथे बोटीत राहणाऱ्याला हक्काचा काठ असला तर तो गृहस्थ, नसला तर त्याने दर पंधरवड्याला बिऱ्हाड पुढे सरकवायचं, असा या पाण्याचा कायदा आहे. आमच्या वयाला आणि वृंदाच्या नोकरीला असलं परिव्राजकपण परवडणारं नाही. शाळा एका जागी राहणार, मेथी एका जागी उगवणार आणि आम्ही मात्र चार कोस पुढे! तेव्हा ट्विसेल नावाच्या शेतकऱ्याच्या मळ्यालगत जी जागा आम्हाला मिळाली आहे ती आमचा जीव की प्राण आहे. पण तीही पुरती आमची नाही. काठाला लागून आहे ती ‘प्रुडन्स’ नावाची बोट, आणि तिच्या कुशीला कूस लावून, तिलाच दोर बांधून, पाण्याच्या बाजूला आमची ‘डॅफ्ने’. आम्हाला जमिनीवर जायचं तर प्रुडन्सच्या पुढच्या ओट्यावरून जावं लागतं. (मागच्या ओट्यावरून जाणं म्हणजे कुणाच्या माजघरातून चपला घालून जाण्यासारखं.) म्हणजे नातं असं की आमचा दोर तिच्या हातात, आमची वाट तिच्या अंगणातून आणि आमची जागा तिच्या मर्जीवर. दरवर्षी पंचवीस मार्चला, ज्याला इथे लेडी डे म्हणतात, ट्विसेल काठावर येतो आणि आतल्या बोटीला एवढंच विचारतो, “आहे तसंच?” आतल्या बोटीने “आहे तसंच” म्हटलं की बाहेरची बोट वर्षभर निर्धास्त. “नको” म्हटलं तर आठवड्यात दोर सोडायचे. कागद नाही, साक्षीदार नाही, कारण विचारायची पद्धत नाही.

प्रुडन्सवर राहतात त्या मिस हिल्डा पॉसनेट. वय विचारायची सोय नाही, पण गावातले म्हातारे त्यांना “हिल्डाबाई” म्हणून वचकून असतात यावरून अंदाज करावा. जन्मभर घरोघरी जाऊन पियानोचे सूर लावून देण्याचा त्यांचा धंदा. कान असा की ट्विसेलची कोणती गाय हंबरतेय हे त्या पडद्याआडून सांगतात. आमच्याशी वागणं अत्यंत सभ्य. दोन वर्षांत मोठा आवाज नाही, वाकडा शब्द नाही. दिवाळीला वृंदाने चकल्या दिल्या तेव्हा त्यांनी एक खाल्ली आणि “ही फारच चांगली आहे, बाकीच्या मी जपून ठेवते” असं म्हणाल्या. (त्या अजून जपलेल्या आहेत. खिडकीत दिसतात.)

अशा बाई, चकल्यांनंतर चार दिवसांनी, मी त्यांच्या ओट्यावरून जात असताना मला म्हणाल्या, “पुराणिक, तुमचा पंप सकाळी सकाळी बराच बोलका असतो, नाही?”

आता आमचा पंप खरोखरच बोलका होता. बोटीच्या पुढच्या टोकाला गोड्या पाण्याची टाकी आणि न्हाणीच्या फळीमागे हा नारळाएवढा विजेचा पंप. नळ सोडला की दाब कमी होतो आणि हा आपोआप सुरू होतो. त्याच्या आतला रबरी पडदा धडधडतो, ती धडधड प्लायवूडच्या फळीत जाते, फळीतून बोटीच्या पत्र्यात, आणि आमच्या पत्र्यातून शेजारच्या पत्र्यात. दोन्ही बोटी उलट्या तोंडांनी बांधलेल्या असल्यामुळे आमची न्हाणी नेमकी मिस पॉसनेट यांच्या उशाशी येते. मी पहाटे साडेपाचला उठणार, कपाटाएवढ्या त्या न्हाणीत स्नान, संथा सगळं एकदम उरकणार, आणि पलीकडे त्यांच्या कानाखाली पंप! मला फार वाईट वाटलं. मी म्हटलं, “लगेच बघतो.” त्या म्हणाल्या, “छे छे, घाई काही नाही. लेडी डेपर्यंत पडलाय की वेळ.”

हे वाक्य मी घरी येऊन वृंदाला सांगितलं तेव्हा ती पोळी लाटायची थांबली. म्हणाली, “तारीख सांगितली त्यांनी?” मी म्हटलं, “सहज म्हणाल्या.” ती म्हणाली, “इथे सहज कुणी तारीख सांगत नाही.” त्याच आठवड्यात ट्विसेल फाटकाशी भेटला आणि आकाशाकडे बघत म्हणाला, “प्रोफेसर, हिल्डा विचारात आहे हं.” त्या दिवशी मी आपल्याला पहिला फोन केला.

आपण म्हणालात, फळीला थेट ठोकलेला पंप म्हणजे ताशाला बांधलेली काठी. आधी खाली रबराचे पाय द्या. ते मी दिले. गावात बोटींच्या सामानाचं दुकान आहे, सेल्विन नावाचा वेल्श माणूस चालवतो (तो प्रत्येक वस्तू देताना “ह्याने काही होणार नाही” असं म्हणून देतो आणि त्यामुळे त्याची एकही तक्रार येत नाही). त्याच्याकडून चार रबरी पाय आणले आणि पक्के बसावेत म्हणून स्क्रू असे आवळले की रबराचं रबरपणच गेलं. आवाज होता तेवढाच राहिला, वर एक नवी कुरकुर सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मिस पॉसनेट म्हणाल्या, “काहीतरी केलंत वाटतं. छान.” इथल्या ‘छान’चा अर्थ कळायला मला पंधरा वर्षं लागली, हे ‘छान’ कौतुकाचं नव्हतं. आपण फोनवर म्हणालात, “अहो त्र्यंबकराव, रबर लोंबकळू द्या, त्याला फाशी देऊ नका.” स्क्रू सैल केले. निम्मा आवाज गेला, हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

मग आपण म्हणालात, फळीवरून पंप काढा आणि जड दगडावर बसवा, दगडाखाली स्पंज घाला. जड वस्तू हलायला आळशी असते. (हे वाक्य मी विद्यार्थ्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.) ट्विसेलने डुकरांच्या गोठ्यातली एक फरशी दिली. ती न्हाणीखालच्या खणात बसवली आणि संध्याकाळी लक्षात आलं की कपातला चहा एका बाजूला चाललाय. ही बोट म्हणजे तराजू आहे, अण्णासाहेब. आम्ही जेवायला एका बाजूला बसलो तरी भिंतीवरचं कॅलेंडर दुसऱ्या बाजूला कलतं. फरशीची भरपाई म्हणून माझे सगळे कोश, व्याकरणाचे ग्रंथ आणि आपण दिलेला पितळी बंब डाव्या अंगाला हलवला, तेव्हा कुठे चहा कपाच्या मधोमध आला. विद्येचं वजन प्रत्यक्ष मोजून पाहायची संधी सगळ्यांना मिळत नाही. मला मिळाली, आणि ते डुकराच्या फरशीएवढं भरलं.

त्यानंतर ताठ नळ्या काढून मऊ नळीचं एक वेटोळं घातलं, म्हणजे पंपाची थरथर नळीतच जिरावी. आपला हिशोब बरोबर होता. माझी पकड ढिली होती. रविवारी वृंदा पीठ मळत असताना नळी सुटली आणि तिने न्हाणीतून स्वयंपाकघरापर्यंत असा काही फवारा मारला की पिठाची पेज झाली. वृंदाने पेजेत मीठ घातलं, वर तूप सोडलं आणि माझ्यापुढे ठेवली. मी खाल्ली. नळी पुन्हा पक्की केली. शेवटी पंपाभोवती लाकडी खोकं करून त्याला आतून वृंदाची योगासनांची चटई कापून चिकटवली. (तिला विचारलं होतं. ती “हं” म्हणाली होती. त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात चूक झाली असावी, कारण दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “आता शवासन पंपाने घालायचं का?”)

एवढं झाल्यावर, अण्णासाहेब, पंपाचा आवाज राहिला नाही. मी वृंदाला नळ सोडायला सांगून स्वतः त्या खोक्याला कान लावून बसलो, तेव्हा मला माझंच पोट ऐकू आलं. मी मोठ्या उमेदीने दुसऱ्या दिवशी प्रुडन्सच्या ओट्यावर गेलो. मिस पॉसनेट खिडकी पुसत होत्या. मी म्हटलं, “आता कसं वाटतंय?”

त्या म्हणाल्या, “खडखड गेली बरं का. अगदी गेली. त्यामुळे आता उरलेलं स्पष्ट ऐकू येतं.”

मी म्हटलं, “उरलेलं म्हणजे?”

त्यावर त्या फडकं पिळत विचार करून म्हणाल्या, “कसं सांगू. तीनदा घुमतो. थांबतो. पुन्हा तीनदा. थांबतो. असं आठ वेळा. मग दम घेतो आणि पुन्हा पहिल्यापासून. आणि पाचव्या खेपेला सूर सोडतो हो. खाली घसरतो. पाव पट्टी तरी.”

हे लक्षण मी शब्दशः आपल्याला फोनवर सांगितलं ते आपल्या स्मरणात असेल. आपण ताबडतोब म्हणालात, “थांबत थांबत चालतो ना? मग गळती असेल, नाहीतर दाबाची टाकी हवी.” गळती शोधली, न्हाणीच्या नळाची होती, काढली. मग एक छोटी टाकी आणली, जिच्यात निम्मी हवा आणि निम्मं पाणी असतं, म्हणजे पंपाने सारखं उठबस करायला नको. तिच्यात सायकलच्या पंपाने हवा भरायची होती. (पंपाच्या दुखण्यासाठी पंप वापरताना मला काटा काट्याने काढल्यासारखं वाटलं.) टाकी बसली. पंप एका दमात चालायचा आणि एका दमात थांबायचा. मी पहाटे स्नान करून, कपडे करून, चहा घेऊन ओट्यावर गेलो. मिस पॉसनेट म्हणाल्या, “आज तर फारच उत्साहात होता. आठाचे आठ, चार वेळा.”

मार्च लागला होता. वृंदा शाळेतून येताना फाटकावरच्या पाट्या वाचत यायची, कुठे काठ भाड्याने आहे का म्हणून. मेथीत नवं बी टाकायचं थांबवलं तिने. एक दिवस वाफ्याशी उभी राहून म्हणाली, “उपटून कुंडीत लावता येते का हो मेथी?” एवढ्या मोठ्या विद्यापीठात एवढा जुना माणूस, आणि बायकोसाठी चार हात जमीन एका जागी ठेवता येत नाही, ती का, तर नारळाएवढ्या एका यंत्राचा घसा बसवता येत नाही म्हणून!

शेवटचा उपाय आपणच सुचवलात: आतला रबरी पडदा बदला. त्यासाठी आदल्या संध्याकाळी मी पंप सोडवून काढला, नळीच्या तोंडाला बूच मारलं, आणि पंप एका कापडी पिशवीत घालून दारापाशी ठेवला. सकाळी नळ नव्हताच, तेव्हा किटलीत पाणी तापवलं, बादलीत ओतलं आणि तांब्याने आंघोळ केली. किती वर्षांनी! त्या फवाऱ्याखाली उभं राहणं म्हणजे पावसात सापडणं; आंघोळ ती तांब्याची. मी फार आनंदात होतो. नऊ वाजता पिशवी घेऊन निघालो, प्रुडन्सच्या ओट्यावर पाय ठेवला, तर मिस पॉसनेट पायरीवर बसून चहा पीत होत्या.

“पुराणिक,” त्या म्हणाल्या, “पंप आज अगदी खुशीत होता हं. घुमत होता नुसता.”

अण्णासाहेब, पंप माझ्या हातात होता. पिशवीत. त्याचं एक टोक बाहेर आलेलं होतं आणि त्यातून माझ्या बुटावर पाणी ठिबकत होतं.

शास्त्रात कार्यकारणभाव तपासायची एक साधी रीत सांगितली आहे, अन्वय आणि व्यतिरेक: कारण असलं की कार्य असतं, कारण नसलं की कार्य नसतं. मी हे किती वर्षं फळ्यावर लिहिलं असेल त्याला गणती नाही. पहिला अर्धा भाग मी चार महिने करत होतो. दुसरा अर्धा त्या दिवशी पिशवीतून ठिबकला. पंप नाही, आवाज आहे. मी पाय तसाच उचलून मागे फिरलो. मिस पॉसनेट म्हणाल्या, “काही विसरलात का?” मी म्हटलं, “बहुतेक.”

वृंदा शाळेला निघायच्या घाईत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईतो हसली.

“अहो,” ती म्हणाली, “पंप तुमच्या पिशवीत आणि रूपं तुमच्या तोंडात!”

आपल्याला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. मुंज झाल्यापासून मी आंघोळ करताना शब्द चालवतो. पाठशाळेत गार पाण्याने आंघोळ असायची आणि गुरुजींचा नियम असा की रूपं म्हणत पाणी घ्यावं, म्हणजे थंडी वाजत नाही. देवः देवौ देवाः. एकवचन, द्विवचन, बहुवचन. तीन घोष आणि श्वास. सात विभक्त्या आणि संबोधन. आठ ओळी आणि दम. मग वन, मग माला, मग नदी. मला स्वतःला ते ऐकू येत नाही, जसं आपल्याला आपलं घोरणं येत नाही. आणि त्या लोखंडी डब्यात तो आवाज कसा घुमत असेल हे मला कळायचं कारण नव्हतं, कारण मी आत होतो. तीन, थांबा, तीन, थांबा, असं आठ वेळा! एका पियानोवाल्या बाईने माझ्याच विद्येचं लक्षण अक्षरशः मोजून माझ्या पदरात घातलं, आणि मी ते कऱ्हाडला फोन करून पंपाच्या दाबाचा रोग म्हणून सांगितलं!

मी वृंदाला म्हटलं, “मग त्या सरळ का नाही म्हणाल्या, की तुम्ही ओरडता म्हणून?”

“इथे कुणी तसं म्हणतं का? ट्विसेल पिऊन गात येतो तेव्हा दुसऱ्या दिवशी लोक त्याला काय म्हणतात? ‘रॉजर, फाटक फार करकरतं रे तुझं.’ मग तो महिनाभर गात नाही. तुम्ही त्याच्या जागी असता तर फाटकाला तेल घातलं असतंत.”

(घातलं होतं, अण्णासाहेब. मागच्या उन्हाळ्यात. त्याला नवल वाटलं होतं.)

“आणि तुला हे कधीपासून माहीत?”

“चकल्यांपासून. सगळ्या काठाला माहीत आहे. सेल्विनलासुद्धा.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर पंप दुरुस्त केला असतात? खरंच खडखडायचा तो. नळ्या बदलल्या, गळती निघाली, तुमचे ते ग्रंथ माझ्या बाजूने हलले. लेडी डेच्या आधी सांगणारच होते. मेथीवर नाही म्हटलं तरी माझाही जीव आहे.” मग ती दारातून वळून म्हणाली, “पण खरं सांगू? मला वाटायला लागलं होतं, कळूनही तुम्ही ऐकत नाही आहात. तेव्हा जरा घाबरले.”

जन्मभर मी शिकवलं की शब्दाला वाच्यार्थ असतो आणि त्याच्या पलीकडे व्यंजनेने सुचवलेला अर्थ असतो, आणि रसिक तो जो या दुसऱ्या अर्थापर्यंत पोचतो. कालव्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईने मला चार महिने उत्तमोत्तम व्यंजना ऐकवली आणि मी पाना घेऊन वाच्यार्थात उकिडवा बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून मी मौन धरलं. त्यात काय त्रास आहे हे आपल्याला सांगून खोटं वाटेल. ती रूपं हे माझं घड्याळ होतं. प्रथमेला पाणी, तृतीयेला साबण, षष्ठीला पाठ, संबोधनाला टॉवेल, अशी अंगाला सवय. मुकाट्याने आंघोळ करताना मी कुठवर आलो हेच कळेना. एक दिवस कानात साबण घेऊन विद्यापीठात गेलो, एक दिवस पाठ दोनदा धुतली. पण तोंड उघडलं नाही. पंपही नव्या पडद्यासह जागेवर बसला होता. पहाटे बोटीत एवढी शांतता की टाकीतलं पाणी कुशीवर वळल्याचं ऐकू यायचं. मिस पॉसनेट मला रोज दिसायच्या, मान हलवायच्या, पण पंपाचं नाव काढायच्या नाहीत. “छान” म्हणाल्या नाहीत. काहीच म्हणाल्या नाहीत. वृंदाला विचारलं, ह्याचा अर्थ काय. ती म्हणाली, “ह्याचा मलाही लागत नाही.”

पंचवीस तारखेला वृंदाने शाळेतून रजा काढली आणि वाफ्यात उगीचच खुरपं घेऊन बसली. मी आमच्या ओट्यावर पितळेची घंटा घासत होतो, जी आदल्याच दिवशी घासली होती. ट्विसेल आला, काठावर उकिडवा बसला, गाईंचं बोलला, पाण्याचं बोलला, आणि मग टोपी मागे सारून म्हणाला, “बरं हिल्डा. आहे तसंच?”

मिस पॉसनेट यांनी कप बशीत ठेवला. म्हणाल्या, “पंपावर अवलंबून आहे.”

वृंदाचं खुरपं थांबलं. मी उभा राहिलो. मी म्हटलं, “मिस पॉसनेट, पंप आता पहाटे बोलणार नाही. माझा शब्द.”

“ते दिसतंच आहे,” त्या म्हणाल्या. “सबंध आठवडा गप्प आहे. मी साडेपाचला जागी होते आणि वाट बघत पडते. तीन होतील, मग तीन होतील. काही होत नाही. मग झोपही लागत नाही. हे काही बरं नाही, पुराणिक. आजारी तर नाही ना पंप?”

मी म्हटलं, “नाही. लाजलाय.”

“त्याला म्हणावं लाजायचं कारण नाही. फक्त साडेपाच ही काही वेळ नव्हे. नऊनंतर चालू दे. मी तेव्हा चहा घेत असते.” त्यांनी कप पुन्हा उचलला. “आणि नळ सोडण्यापूर्वी माझ्याकडे एक मिनिट येऊन जात जा. मी पियानोवर सूर देत जाईन. पाचव्याला घसरतो तो.”

ट्विसेल दोघांकडे पाहत होता. म्हणाला, “पंपाला सूर? पंप काय गातो की काय?”

“चांगला लावलेला असला तर गातो, रॉजर,” मिस पॉसनेट म्हणाल्या. “आहे तसंच.”

वृंदाने त्याच पावली मेथीचं बी टाकलं, आणि आता ती तिच्या वाफ्याकडे बघत काय पुटपुटते ते मी विचारत नाही. मी सकाळी नऊला कोरड्या टॉवेलानिशी प्रुडन्सच्या दारात उभा राहतो, मिस पॉसनेट एक पट्टी दाबतात, मी हुंकार देतो, त्या “जरा वर” म्हणतात, आणि मी घाईने न्हाणीत जातो. पंचमी अद्याप घसरते. त्या म्हणतात, ते पत्र्याचं नाही, माझं आहे.

असो. पत्र लांबलं. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद आणि आपल्याला पुन्हा एकदा जेवढ्या अंगांनी जमेल तेवढा नमस्कार. आपल्या ज्ञानाने एक पंप बरा झाला आणि त्याच्याआड लपलेला मी सापडलो, हे उपकार लहान नाहीत.

आपला
त्र्यंबक

ता. क. आपण दोघं मे महिनाभर इकडे राहायला येताहात हे कळल्यापासून आम्हाला आनंद मावत नाही (मावायला जागाही नाही). आपला बिछाना न्हाणीलगत घातला आहे. एक बारीकशी गोष्ट, केवळ यंत्रशास्त्राची म्हणून आपल्या कानावर घालतो. गेल्या वेळी कऱ्हाडला आपल्याकडे राहिलो असताना माझ्या असं लक्षात आलं की आपल्याही पंपाला पहाटेच्या प्रहरी, बेसिनपाशी, साधारण मिठाच्या कोमट पाण्याच्या सुमाराला, एक आवाज येतो. आधी खोल आडातून रहाट ओढल्यासारखा, मग वर येताना फुटत फुटत, आणि शेवटी असा काही की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उठतात. पंप अर्थातच उत्तम प्रतीचा आहे, जुन्या घडणीचा आहे, असा आता मिळत नाही. पण इथल्या पत्र्याला त्याची सवय नाही. त्याच्या पायाखाली काही रबर वगैरे घालता आलं तर पाहावं. आपण जाणते आहात, मी पामराने जास्त काय लिहावं.

ता. क. २. वरच्या मजकुरात पंप म्हणजे पंपच. भलता अर्थ काढू नये.

अण्णा, पत्र टाकायला मीच निघाले होते म्हणून उघडून वाचलं. एवढी पानं झाली तरी ह्यांच्या तोंडून मुद्दा निघाला नाही. गुळण्या करताना तू जो आवाज काढतोस तो इथे पहाटे चालणार नाही. नऊनंतर काय खाकरायचं ते खाकर. दोन वर्षांनी मला वाफा मिळालाय, तो तुझ्या घशापायी जाऊ देणार नाही. जमणार नसेल तर वहिनीला एकटीलाच पाठव. तुझी बहीण, वृंदा.